जुनी गाडी दूर न्यायची: चालवत की ट्रकवर घालून?

 

मागच्या व्याख्यानात आपण 'निर्णय' या संकल्पनेवर बोललो. शेवटी एका श्रोत्यांनी तक्रार केली, आणि ती रास्त होती. ते म्हणाले, "सर, उदाहरणं सगळी पुस्तकातली झाली. एखादं घरातलं द्या की." म्हणून आज घरातलं उदाहरण घेतलं आहे. ते आमच्याच घरातलं आहे, ताजं आहे, आणि त्यात आम्ही बऱ्यापैकी चुकलोही आहोत.

प्रश्न वरकरणी साधा होता. आमची मुलगी आणि जावई कोलकात्याला असतात. आम्ही दोघेही सत्तरी ओलांडलेले. सौ.च्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाल्यावर मुलीने सांगून टाकलं की आता पुण्यात दोघांनीच राहायचं नाही. पुण्याचा फ्लॅट भाड्याने द्यायचा, सामान पॅकर्सकडे सोपवायचं, पुस्तकं वाटून टाकायची, इथवर सगळं ठरलं. राहिली गाडी. 2008 सालची वॅगन आर, पेट्रोलची, 1 लाख 12 हजार किलोमीटर चाललेली. पुणे ते कोलकाता अंतर सुमारे 1,900 किलोमीटर. गाडी चालवत न्यायची, की गाड्या वाहून नेणाऱ्या ट्रकवर घालून पाठवायची? या एका प्रश्नावर आम्ही दोन महिने घोळ घातला. तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य गेलेल्या माणसाने दोन महिने घोळ घालावा, तर त्या घोळातून काहीतरी शिकायला मिळालं पाहिजे. ते काय मिळालं, ते आज सांगतो.

संशयानंतर काय येते?

गौतमाच्या न्यायसूत्रांत 16 पदार्थ मोजले आहेत. त्यांचा क्रम पाहा. प्रमाण, प्रमेय, मग तिसरा संशय. 'हे की ते' असे मन दोन्हीकडे झुकते, तो संशय. निर्णय मात्र चौथा नाही. तो थेट नववा आहे. मध्ये दृष्टान्त आहे, तर्क आहे, आणखी काही आहे. पण संशयाला लागून, अगदी चौथ्या जागी कोण आहे? प्रयोजन. आपण हे कशासाठी करतो आहोत, हा प्रश्न.

आता आमची चूक बघा. आम्ही संशयावरून उडी मारली ती थेट आकडेमोडीवर. पेट्रोल किती, टोल किती, ट्रकवाला किती मागतो. प्रयोजनाची पायरी गाळली. ॲरिस्टॉटलने 'निकोमाखसचे नीतिशास्त्र' या ग्रंथाच्या तिसऱ्या भागात म्हटले आहे की आपण साध्याचा खल करत नाही, साधनांचा करतो. वैद्य रोग्याला बरे करावे की नाही यावर विचार करत बसत नाही, कसे बरे करावे यावर करतो. आम्हीही स्वतःला वैद्यच समजलो. साध्य ठरलेलंच आहे, गाडी कोलकात्याला पोचवायची, उरलं फक्त साधन. साध्य खरंच ठरलेलं होतं का? तिकडे शेवटी येऊ. आधी साधनांकडे पाहू, कारण तुमच्यापैकी अनेकांना आज ना उद्या हाच प्रश्न पडणार आहे.

पर्याय दोनच असतात का?

'चालवत की ट्रकवर' असा प्रश्न मांडला की बाकीचे पर्याय दिसेनासे होतात. इकडे आड तिकडे विहीर म्हणताना बाजूची पायवाट दिसत नाही, तसे. आम्ही कागद घेऊन सगळे पर्याय लिहिले. स्वतः चालवत नेणे. पगारी ड्रायव्हर घेऊन नेणे. ट्रकवर पाठवणे. रेल्वेने पाठवणे. इथे विकून तिथे दुसरी जुनी गाडी घेणे. आणि गाडीशिवाय राहणे.

रेल्वेचा पर्याय लवकर बाद झाला. नव्या गाड्या कारखान्यातून रेल्वेने जातात, त्यासाठी जुन्या प्रवासी डब्यांचे रूपांतर करून केलेले खास डबे असतात. पण तो कंपन्यांचा घाऊक व्यवहार आहे. कोकण रेल्वेने 1999 पासून ट्रक रेल्वेवर चढवून नेले, आणि 2025 च्या गणेशोत्सवात कोलाड ते वेर्णा अशी मोटारींसाठीही सेवा सुरू केली, एका गाडीला 7,875 रुपये. कल्पना उत्तम आहे, पण ती पुण्याहून हावड्याला जात नाही.

विकून दुसरी घेण्याचा पर्याय मात्र खरा होता. आमच्या गाडीला पुण्यात साधारण 90 हजार येत होते, आणि तशीच गाडी कोलकात्यात घ्यायला दीड लाखाच्या आसपास लागणार होते. फरक फार नाही. पण आमच्या मेकॅनिकने एक शहाणपणाची गोष्ट सांगितली. "सर, तुमच्या गाडीची दुखणी तुम्हाला ठाऊक आहेत. दुसऱ्याच्या गाडीची तुम्ही विकत घेऊन शोधणार." जुनी वस्तू घेताना आपण वस्तूबरोबर तिचा इतिहासही घेतो, आणि तो सहसा कोणी खरा सांगत नाही.

चालवत न्यायची तर

गाडी दोन प्रकारे म्हातारी होते, किलोमीटरने आणि वर्षांनी. लोक फक्त किलोमीटर पाहतात. कमी चाललेली म्हणजे चांगली असं समजतात. पण गाडीत रबर पुष्कळ असतं. टायर, रेडिएटरचे होज, पट्टे, बुश, ब्रेकचे सील. रबर उभ्या गाडीतही कडक होतं, तडकतं. टायरच्या बाजूला चार आकडे कोरलेले असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. '2317' म्हणजे 2017 सालच्या 23 व्या आठवड्यात बनलेला. आमच्या चारही टायरांची नक्षी चांगली दिसत होती, पण ते आठ वर्षांचे होते. मंडईपर्यंत जाताना असा टायर तग धरतो. तापलेल्या काँक्रीटवर तासनतास वेगाने पळताना तोच टायर दगा देऊ शकतो.

आणि रस्ता तसाच आहे. पुण्याहून अहिल्यानगरमार्गे छत्रपती संभाजीनगर, तिथून समृद्धी महामार्गाने नागपूर. हा महामार्ग 701 किलोमीटरचा, जून 2025 मध्ये पूर्ण झाला, मोटारींना ताशी 120 किलोमीटरची मर्यादा. आपली जुनी गाडी ताशी 80 वर खूश असते, आणि बाजूने बाकीचे सुसाट जातात. नागपूरनंतर राष्ट्रीय महामार्ग 53 ने रायपूर, संबलपूर. पुढे 49 क्रमांकाच्या मार्गाने केओंझरवरून बहरागोडा, खरगपूर, आणि मग कोलकाता. केओंझर हा लोहखनिजाचा जिल्हा, तिथे खनिजाच्या ट्रकांची वर्दळ मोठी. रोज 400 किलोमीटर धरले तर पाच दिवस, चार मुक्काम.

शहरात फिरणाऱ्या गाडीला लांबच्या प्रवासाची सवय नसते. दहा मिनिटं चालली, बंद झाली. तिचा कस कधी लागतच नाही. म्हणून नियम असा की मोठ्या प्रवासाआधी एक छोटा, पण खराखुरा प्रवास करून पाहावा. नकाशावर किंवा मेकॅनिकच्या अंगणात ही परीक्षा होत नाही. रस्त्यावर प्रत्यक्ष पाहून जे कळतं, त्याला न्यायशास्त्र प्रत्यक्ष प्रमाण म्हणतं, आणि प्रमाणांमध्ये त्याचा पहिला मान आहे.

आम्ही पुणे, महाबळेश्वर, पुणे अशी फेरी ठरवली. साधारण 240 किलोमीटर, वाटेत घाट. वाईपर्यंत गाडी सुरेख चालली. पसरणी घाटाच्या मध्यावर तापमानाचा काटा वर सरकायला लागला. कडेला थांबलो, बॉनेट उघडलं. खाली धोमचं पाणी चमकत होतं आणि आमच्या गाडीतून वाफ येत होती. तापलेल्या रेडिएटरचं झाकण उघडायचं नसतं, एवढं शहाणपण शाबूत होतं. अर्धा तास बसलो, गाडी निवली, सावकाश वर गेलो.

पुण्यात रेडिएटर उघडल्यावर कळलं की आतून क्षार साठून नळ्या बुजत आल्या होत्या. कारण? बरीच वर्षं कूलंटऐवजी नळाचं पाणी घातलं गेलं. कोणी घातलं? आम्हीच. शहरात त्याचा त्रास कधी झाला नाही. रेडिएटर, होज, पट्टे, बॅटरी, ब्रेक आणि चार टायर असा तयारीचा अंदाज 30 हजारांवर गेला.

ट्रकवर घालायची तर

इथेही वरवर दिसतं त्यापेक्षा जास्त काही असतं. गाड्या नेणारे ट्रक दोन तऱ्हेचे, उघडे ट्रेलर आणि बंद कंटेनर. बंदमध्ये धूळ-दगड लागत नाहीत. ट्रक भरल्याशिवाय निघत नाही, म्हणून 'आठ दिवसांत पोचेल' याचा अर्थ 'ट्रक भरल्यापासून आठ दिवसांत' असा घ्यायचा. आणि ट्रक बहुधा दारात येत नाही. कंपनीचा माणूस गाडी चालवत त्यांच्या यार्डात नेतो, तिकडच्या यार्डातून दुसरा माणूस चालवत घरी आणतो. म्हणजे ट्रकवर पाठवलेली गाडीही थोडी परक्या हाताने चालवली जातेच.

आम्हाला वेगवेगळ्या ठिकाणांहून 15 हजारांपासून 34 हजारांपर्यंत दर आले. सगळ्यात स्वस्त दर देणाऱ्याला आम्ही यार्डाचा पत्ता विचारला, तर त्याने विषय बदलला. हा इशारा ओळखा. या धंद्यात नामांकित कंपनीसारखं नाव लावून आगाऊ पैसे घेणारे आहेत, आणि गाडी निम्म्या वाटेत असताना जादा पैसे मागणारेही आहेत. म्हणून यार्ड स्वतः पाहून यावा, जीएसटी क्रमांक तपासावा, आणि माल वाहतुकीची रीतसर पावती, जिला सगळे बिल्टी म्हणतात, ती घ्यावी. 2007 च्या रस्ते वाहतूक कायद्यानुसार अशा वाहतूकदाराला नोंदणी लागते. बिल्टीवर गाडीची किंमत लिहून घ्यावी. किंमत जाहीर केलेली नसेल तर नुकसानीच्या वेळी त्याची जबाबदारी मर्यादित राहते.

विम्याचं असं आहे. सर्वसमावेशक विम्यात गाडी दुसऱ्या वाहनावरून नेली जात असतानाचं नुकसानही सहसा धरलेलं असतं. पण जुन्या गाडीला बहुतेक लोक फक्त थर्ड पार्टी विमा ठेवतात, आणि त्यात आपल्या गाडीला काहीच मिळत नाही. आमचंही तसंच होतं. मग वाहतुकीपुरता वेगळा विमा घ्यावा लागतो. तो घेताना पॉलिसी कोणाच्या नावाने आहे, किती रकमेची आहे, हे कागदावर पाहावं. 'विमा आहे हो सर' या वाक्याला विमा म्हणत नाहीत.

हिशेब

आता आकडे, आमच्यापुरते. चालवत नेल्यास पेट्रोल सुमारे 136 लिटर, म्हणजे 14 हजार. टोल साडेतीन हजार धरला. चार मुक्कामांचे 12 हजार, जेवणखाण पाच हजार. एकूण साडेचौतीस हजार. 15 ऑगस्ट 2025 पासून फास्टॅगचा वार्षिक पास निघाला आहे, सुरुवातीला तो 3,000 रुपयांचा होता, पण तो राष्ट्रीय महामार्गांवरच चालतो, समृद्धीवर नाही. एका फेरीसाठी तो घ्यायचा की नाही, ते नाके मोजून ठरवावं.

ट्रकने पाठवल्यास भाडं आणि विमा मिळून साडेसत्तावीस हजार. आम्हा दोघांची रेल्वेची तिकिटं सहा हजार. एकूण साडेतेहतीस हजार.

बघा, हजार रुपयांचा फरक! दोन महिने ज्या आकड्यांच्या मागे लागलो, त्यांनी निकालच दिला नाही.

मग तयारीचे 30 हजार कुठल्या खात्यात घालायचे? आम्ही आधी ते सगळे 'चालवत'च्या खात्यात मांडले. सौ. म्हणाल्या, "टायर काय कोलकात्यात लागणार नाहीत?" बरोबर. जो खर्च दोन्ही पर्यायांत करावाच लागणार, तो तुलनेत धरायचा नसतो. फरक फक्त वेळेचा. चालवत न्यायची तर सगळं आत्ताच, पाठवायची तर काही आत्ता, काही सवडीने.

दुसरी चूक याहून मोठी. वर्षभरापूर्वी आम्ही 18 हजार खर्चून क्लच बदलला होता. आम्ही सारखे म्हणत होतो, "एवढा क्लच घातलाय, तो वसूल नको व्हायला?" पण ते 18 हजार गेले. चालवा, पाठवा, विका, ते परत येत नाहीत. अर्थशास्त्रात याला बुडीत खर्च म्हणतात. पुढचा निर्णय पुढच्या परिणामांवर करायचा असतो. वर्गात हे आम्ही अनेकदा शिकवलं, आणि स्वतःच्या गाडीपाशी विसरलो.

तिसरी गोष्ट जोखमीची. दुरुस्तीनंतर गाडी वाटेत बंद पडण्याची शक्यता कमी होती. पण शक्यता कमी असली तरी फटका कुठे बसतो ते महत्त्वाचं. रेडिएटर स्वारगेटला तापला तर ती कटकट आहे, मेकॅनिकला फोन केला की झालं. तोच केओंझरच्या पुढे संध्याकाळी सातला तापला, शेजारच्या सीटवर नुकतीच गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली व्यक्ती बसलेली, तर ती कटकट राहत नाही.

चालवणाऱ्याची तपासणी

आता त्या महाबळेश्वरच्या फेरीचा उरलेला भाग सांगतो. तो आम्ही बरेच दिवस कोणाला सांगितला नव्हता.

घाटात वेळ गेल्यामुळे परतायला अंधार झाला. खंबाटकी ओलांडून शिरवळच्या अलीकडे समोरून प्रखर दिवे आले. दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली आहे, दिवसा सगळं लख्ख दिसतं. पण त्या दिव्यांपुढे दोन-तीन क्षण काहीच दिसलं नाही. आणि दिसलं तेव्हा पुढे, अगदी पुढे, मागचा दिवा नसलेली एक मोटारसायकल होती, तिच्यावर नवराबायको आणि मध्ये मूल. ब्रेक लागला, गाडी थांबली, काही झालं नाही. ती माणसं पुढे निघूनही गेली, त्यांना कळलंही नसेल. पण सौ.चा पाय पुढच्या रिकाम्या जागेवर ब्रेक दाबल्यासारखा घट्ट रोवलेला आम्ही पाहिला.

घरी येईपर्यंत आम्ही दोघेही गप्प होतो. दुसऱ्या दिवशी रेडिएटरचा अंदाज घेऊन आलो, तो वाचून दाखवला. त्या शांतपणे म्हणाल्या, "अहो, गाडी मेकॅनिकला दाखवलीत. चालवणाऱ्याला कोण तपासणार?"

आम्ही सवयीने वाद घातला. परवाना आहे म्हणालो. खरं आहे, चाळिशीनंतर वैद्यकीय प्रमाणपत्र लागतं, पंचावन्ननंतर परवाना पाच-पाच वर्षांनीच वाढवून मिळतो, आणि आमचा अजून वैध आहे. पण कायदा परवानगी देतो, याचा अर्थ कायदा सल्ला देतो असा नाही. आठ वर्षांच्या टायरलाही कोणी दंड करत नाही. टायरची नक्षी पाहून फसू नका, तारीख पाहा, असं आम्ही आत्ताच तुम्हाला सांगितलं. तोच न्याय स्वतःला लावायला आम्हाला तीन आठवडे लागले.

प्रयोजन सापडते

त्या तीन आठवड्यांत आम्ही मुलीला प्रथमच नीट विचारलं की गाडी तुला हवी आहे का. आधी आम्ही ते गृहीत धरलं होतं. ती म्हणाली, "बाबा, यांची गाडी हे ऑफिसला नेतात. मला दुसरी लागणारच आहे. आईला दवाखान्यात न्यायला, मुलाच्या शाळेला. मग आपलीच येऊ दे. मी तिच्यावरच तर शिकले."

आता विचार करा. प्रयोजन जर 'मुलीला तिथे एक ओळखीची, भरवशाची गाडी मिळावी' हे असेल, तर त्यात आम्ही चालवत जाणं कुठे बसतं? बसत नाही. गाडीने पोचायचं आहे, आम्हीही पोचायचं आहे, पण एकत्र पोचायची गरज नाही. मग आम्ही चालवत नेण्याच्या बाजूने दोन महिने का भांडत होतो? कारण तिथे दुसरं एक प्रयोजन लपून बसलं होतं. आम्हाला अजून एकदा लांबवर गाडी चालवायची होती. आपण अजून चालवणारे आहोत, नेले जाणारे नाही, हे स्वतःला दाखवायचं होतं. घर सोडून मुलीकडे राहायला जाताना निदान स्वतःच्या हाताने स्टिअरिंग धरून जावं, एवढंच त्यात होतं.

ही इच्छा वाईट आहे असं आम्ही म्हणणार नाही. माणसाची आहे. पण ती पेट्रोलच्या हिशेबात दडून बसली होती, म्हणून हिशेब संपत नव्हता. उघड्यावर आणली, तेव्हा तिचा विचार करता आला. आणि मग दिसलं की त्या इच्छेची किंमत आम्ही एकटे मोजणार नव्हतो. सौ. मोजणार होत्या, आणि रस्त्यावरचं कोणीतरी अनोळखी कुटुंब.

म्हणून ॲरिस्टॉटलला आमची एक नम्र पुरवणी. साधनांचा खल आपण करतो हे खरं. पण साधनांचा खल संपतच नसेल, तर समजावं की साध्य एक नाही, दोन आहेत, आणि त्यांतलं एक अजून बोललेलं नाही.

पगारी ड्रायव्हरचाही विचार झाला. रोजचे पैसे, राहणं-जेवण, परतीचं तिकीट धरून खर्च पुन्हा तेवढाच. पण मग पाच दिवस गाडीत बसून जाण्याचं कारणच उरत नव्हतं. गाडी ट्रकने गेली, आम्ही आझाद हिंद एक्स्प्रेसने गेलो.

गाडी देताना काय केलं ते सांगतो, उपयोगी पडेल. चारही बाजूंचे आणि छताचे फोटो, एक सलग व्हिडिओ, घड्याळाच्या आकड्यासकट. तो आकडा पावतीवर लिहून घेतला. टाकीत थोडंच पेट्रोल ठेवलं. गाडीत सामान काही ठेवलं नाही, त्याला विमा नसतो. फास्टॅग काढून घेतला, कारण ट्रकवरच्या गाडीच्या टॅगमधूनही टोल कापला गेल्याच्या तक्रारी आहेत. मूळ कागदपत्रं आणि दुसरी किल्ली आमच्याकडे ठेवली. पैसे थोडे आधी, बाकीचे पोचल्यावर. आठ दिवस सांगितले होते, बारा लागले. मागच्या बंपरवर एक ओरखडा आला. सही करण्याआधी तो पावतीवर लिहिला, फोटो दाखवले, आणि त्यांनी दोन हजार कमी घेतले. फोटो नसते तर 'आधीपासूनच होता' हे उत्तर ठरलेलं होतं.

आमच्या दृष्टीने ती महाबळेश्वरची फेरीच शेवटचा लांबचा प्रवास ठरली. तेव्हा ते माहीत नव्हतं. बहुतेक शेवटच्या गोष्टींचं असंच असतं.

श्रोत्यांचे काही प्रश्न

*गाडीचा नंबर बदलावा लागतो का?*

हो. दुसऱ्या राज्यात 12 महिन्यांपेक्षा जास्त काळ गाडी ठेवायची तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 47 प्रमाणे तिथला नवीन क्रमांक घ्यावा लागतो. त्यासाठी इथल्या आरटीओचं ना हरकत प्रमाणपत्र लागतं, अर्जाचा नमुना 28. दंडाची चलनं थकलेली असतील तर आधी भरा, कर्जाची नोंद असेल तर बँकेकडून उतरवून घ्या, विमा आणि पीयूसी चालू ठेवा. हे काम निघण्याआधी करावं, नंतर लांबून करणं जिकिरीचं होतं. नव्या राज्यात कर भरावा लागतो. जुन्या राज्याकडून उरलेल्या काळाचा कर परत मागता येतो, पण 15 वर्षं उलटलेल्या गाडीत मागण्यासारखं फारसं उरत नाही. आणि 15 वर्षांनंतर नोंदणीचं नूतनीकरण पाच वर्षांपुरतंच होतं, तेव्हा ती तारीखही पाहून घ्या.

*मला 16 वर्षांची पेट्रोल गाडी नोएडाला न्यायची आहे. चालवू की पाठवू?*

तुमचा प्रश्न एक पायरी आधीचा आहे. दिल्ली आणि राजधानी परिसरात 10 वर्षांवरच्या डिझेल आणि 15 वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर बंधनं आली, 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली, आणि 2025 मध्ये त्यात पुन्हा बदल झाले. तुमची गाडी तिथे आज चालवता येते का, हे आधी पाहा. येत नसेल तर साधनाचा खल करण्यात अर्थ नाही.

*माझा मुलगा न्यू जर्सीहून कॅलिफोर्नियाला चालला आहे. त्याची जुनी टोयोटा आहे. त्याला हेच सांगू का?*

क्रम हाच सांगा, उत्तर त्याचं वेगळं येऊ शकतं. तो तरुण आहे, प्रवास हेच त्याचं उघड प्रयोजन असू शकतं, आणि मग त्या खर्चाला प्रवासाचा खर्च म्हणावं. पण अंतर आमच्या दुपटीहून जास्त आहे, आणि हिवाळ्यात डोंगरात बर्फ असतो. तिथे गाडीसकट प्रवासी नेणारी एक रेल्वे आहे, पण ती व्हर्जिनियातल्या लॉर्टनहून फ्लोरिडातल्या सॅनफर्डपर्यंत जाते, पश्चिमेला नाही. ट्रकने पाठवायची तर तिथे बहुधा दलालाशी बोलणं होतं, ट्रकवाल्याशी नाही. प्रत्यक्ष नेणारा कोण आणि त्याचा विमा कोणता, हे लेखी घ्यायला सांगा.

*सर, गाडी चालवणं सोडल्याचं वाईट वाटतं का?*

वाटतं. नातवाला शाळेत सोडायला मुलगी चालवते, आम्ही मागे बसतो. पहिले काही दिवस आमचाही पाय रिकाम्या जागेवर ब्रेक दाबत होता. आता तो कमी दाबतो. पुढच्या वेळी आपण 'तर्क' या पदार्थाकडे वळू.